साधं व्हायरल : घरी काय करायचं आणि घरातून कधी निघायचं

“डॉक्टर, पोरगं तीन दिस झालं नुसतं फणफणतंय. एक सुई द्या की!”

कऱ्हाड असो, तासगाव असो, वडूज असो की जत, पावसाळ्यात लहान मुलांच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. डॉक्टर तपासतात, “व्हायरल आहे आजी, दोन-तीन दिवसांत उतरेल,” म्हणतात आणि तापाचं एक औषध लिहून देतात. आजींचं समाधान होत नाही. फी घेतली, आणि सुई नाही की सलाईन नाही! घरी परतताना आईच्या मनात दोन प्रश्न घोळत असतात. आपोआपच बरं होणार असेल, तर डॉक्टरकडे जायचंच कशाला? आणि आपोआप बरं होत असेल, तर शेजारच्या वस्तीवरचं पोर असल्याच तापात मिरजेला अतिदक्षता विभागात का न्यावं लागलं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. बहुतेक विषाणूजन्य आजार शरीर स्वतःच संपवतं. ते काम चालू असताना मुलाला पाणी कमी पडत नाही ना, श्वास जड होत नाही ना, मूल मलूल होत नाही ना, हे पाहायला घरात कुणीतरी जागरूक असावं लागतं. काय पाहायचं आणि कसं मोजायचं, ते या प्रकरणात एकेक करून समजून घेऊ.

१. ‘व्हायरल’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याला आजारी पाडणारे सूक्ष्मजीव मुख्यतः दोन प्रकारचे: जिवाणू आणि विषाणू. दोघांतला फरक कऱ्हाड-शिराळ्याकडच्या वाचकाला गुऱ्हाळावरून पटकन कळेल. जिवाणू म्हणजे स्वतःचं गुऱ्हाळ घालून बसलेला माणूस. चरक त्याचा, काहील त्याची, चुलवाण त्याचं, गुळव्याही त्याचाच. विषाणूकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या खिशात असते फक्त एक चिठ्ठी, ‘गूळ असा पाडा’ एवढीच. तो दुसऱ्याच्या गुऱ्हाळात, म्हणजे आपल्या पेशीत, शिरतो आणि तिथल्याच गड्यांना राबवून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो.

अँटिबायोटिक काय करतं? जिवाणूचा चरक मोडतं, काहील फोडतं. विषाणूकडे मोडण्यासारखं स्वतःचं काही नसतंच, त्यामुळे त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उलट पोटातले उपयोगी जिवाणू मरून जुलाब लागतात, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरण्याचा धोका वाढतो. फ्लूसारख्या काही विषाणूंवर खास औषधं आहेत, पण ती कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतात.

मग विषाणूला हटवतं कोण? मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती. पण ती त्या विशिष्ट विषाणूला ओळखून कामाला लागेपर्यंत काही दिवस जातात. म्हणून साधा व्हायरल ताप तीन ते पाच दिवस राहतो. सुईने तो लवकर बरा होत नाही. सुईतलं तापाचं औषध आणि तोंडाने दिलेलं औषध, दोन्ही ताप तात्पुरता खाली आणतात, आजाराचे दिवस कमी करत नाहीत.

आणखी एक गोष्ट आयांना धीर देणारी आहे. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं हे नेहमीचं आहे. अंगणवाडीत किंवा बालवाडीत घातल्यावरच्या पहिल्या वर्षी हे प्रमाण आणखी वाढतं. याचा अर्थ मूल ‘कमजोर’ आहे असा नाही. ते रोज नव्या विषाणूंना भेटतंय, इतकंच.

२. ताप: आकड्याकडे कमी, मुलाकडे जास्त पाहा

ताप विषाणू आणत नाही. विषाणूशी झुंजताना शरीर स्वतःच आपलं तापमान वाढवतं. म्हणून तापाचा आकडा किती, यापेक्षा ताप उतरल्यावर मूल कसं आहे, हे जास्त महत्त्वाचं. १०३ ताप असलेलं पोर औषधाने उतार पडताच खेळायला लागलं, तर ते चांगलं लक्षण. १०० ताप असलेलं पोर मान टाकून पडलंय, ओळख दाखवत नाही, तर ते वाईट लक्षण.

हाताच्या पाठीने कपाळ पाहून ताप ठरवू नका. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काख कोरडी करून टोक आत धरा आणि आवाज येईपर्यंत हात दाबून ठेवा. काखेत ९९.५ किंवा त्याहून जास्त आला, तर ताप आहे असं समजा. मूल तापाने बेचैन असेल, अंग दुखत असेल, पाणीही पीत नसेल, तर औषध द्या. झोपलेल्या मुलाला केवळ आकडा पाहून उठवून औषध पाजायची गरज नाही.

मुलांच्या तापावर सर्वांत सुरक्षित औषध पॅरासिटामॉल. पण त्याचा डोस वयावरून नव्हे, वजनावरून ठरतो: दर किलोला १५ मिलीग्रॅम. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. इथे घराघरांत एक चूक होते. ती उदाहरणाने पाहू.

समजा मुलीचं वजन १२ किलो आहे. १२ गुणिले १५ म्हणजे १८० मिलीग्रॅम. आता घरातल्या बाटलीचं लेबल वाचा. एका बाटलीवर लिहिलंय ‘५ मिलीत १२० मिलीग्रॅम’. यातून १८० मिलीग्रॅम मिळायला साडेसात मिली लागेल. दुसरी बाटली मागच्या खेपेला दुकानातून आणलेली, तिच्यावर ‘५ मिलीत २५० मिलीग्रॅम’ असं आहे. यातून तेवढंच औषध मिळायला ३.६ मिली पुरतं. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर बहुधा एकाच मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, म्हणजे फक्त १.८ मिली. तिन्ही बाटल्यांत औषध एकच आहे. पण ‘मागच्या वेळी दीड चमचा दिला होता’ म्हणून आईने दुसऱ्या बाटलीतून साडेसात मिली पाजलं, तर पोरीच्या पोटात दुपटीहून जास्त औषध गेलं. असं दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस झालं, तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून स्वयंपाकघरातला चमचा नको. बाटलीसोबत येणारं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असतं. ते पोटात जात असेल, तर वेगळा डोस देऊ नका.

काय करू नये, तेही पाहून घ्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर घरी औषध नको, थेट दवाखाना. मुलांना ॲस्पिरिन कधीच नको. विषाणूजन्य आजारात त्याने मेंदू आणि यकृताला क्वचित, पण जीवघेणी इजा होते. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. थंडी वाजून थरथरत असताना अंगावर पांघरूण ठीक, पण ताप चढल्यावर गोधडी, स्वेटर, कानटोपी यांत गुंडाळून ठेवलं, तर उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. अंग पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाचं किंवा फ्रिजमधलं पाणी नको.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी तापात झटका येतो. डोळे फिरतात, हातपाय ताठ होऊन झटकायला लागतात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. पण असे बहुतेक झटके दोन-चार मिनिटांत थांबतात आणि त्यांनी मेंदूला कायमची इजा होत नाही. अशा वेळी मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर लगेच १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

३. सर्दी-खोकला: औषधापेक्षा मोजणं महत्त्वाचं

सर्दी-खोकल्यावर दुकानातून बाटली आणायची सवय आपल्याकडे जुनी आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याचं एक भेसळयुक्त औषध पिऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याने २० हून अधिक लहान मुलं दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावण निघालं. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सर्व राज्यांना सूचना दिली, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. बाटली शुद्ध असली, तरी लहान मुलांना तिचा फारसा उपयोग होत नाही, हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं.

मग द्यायचं काय? चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, दोन-दोन थेंब दूध पाजण्याआधी घाला. एक वर्षापुढच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला एक घातक विषबाधा होऊ शकते. गरम वरणाचं पाणी, हुलग्याचं माडगं, पेज यांनी घसा शेकतो आणि पोटात पातळ काही तरी जातं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरून वाफ देऊ नका. या वाफेपायी भाजून दवाखान्यात आलेली मुलं थोडी नाहीत. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही. विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी रंग बदलतो. खोकला दोन आठवडे रेंगाळला, तरी मूल खात-पीत, खेळत असेल तर घाबरायचं कारण नाही.

पाहायचा असतो तो श्वास. बाळ शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, त्याला मांडीवर घ्या आणि झबलं छातीपर्यंत वर करा. समोर सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईल ठेवा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास. न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताईंना हे मोजणं शिकवलेलं असतं, त्यांच्याकडून एकदा समोर बसून शिकून घ्या.

मोजताना बरगड्यांच्या खाली पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुगत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. दोन वर्षांखालच्या बाळांत आरएसव्ही नावाचा विषाणू फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजवतो आणि साध्या सर्दीचं रूपांतर दोन-तीन दिवसांत धाप लागण्यात होतं. घरात चूल पेटत असेल किंवा कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर बाळाला त्या खोलीतून हलवणं हाही उपचारच आहे.

४. जुलाब-उलट्या: हिशेब पाण्याचा

जुलाबांत विषाणू मारायचा नसतो, गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायचं असतं. ही साधी गोष्ट जगाला पटवून देण्यात एका भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. आज उपकेंद्रात फुकट मिळणारी ओआरएसची पुडी त्याच उपायाचा सुधारलेला प्रकार आहे.

पुडी वापरताना दोन चुका होतात. एक, अर्धी पुडी पेल्यात टाकून ‘थोडं थोडं’ बनवणं. त्याने मिठाचं प्रमाण बिघडतं. एक लिटरची पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. माप नसेल, तर लिटरची पाण्याची बाटली वापरा. पाणी उकळून थंड केलेलं हवं आणि बनवलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचं. दुसरी चूक, पेला भरून एकदम पाजणं. ते सगळं उलटून पडतं आणि घरातले म्हणतात, ‘पोटात काही धरत नाही, सलाईन लावा.’ उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, एक-दोन मिनिटांच्या अंतराने पाजत राहा. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा पेला, आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली द्यायचं.

अंगावरचं दूध थांबवायचं नाही. पोट ‘रिकामं ठेवायचं’ नाही. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, ज्वारीची आंबील, तांदळाची मीठ घातलेली पेज, केळं हे सगळं चालतं. बाटलीबंद गोड पेयं, ज्यूस, नुसती ग्लुकोज पावडर नको, जादा साखरेने जुलाब वाढतात. ओआरएसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड डबाबंद पेयांना हे नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली. तेव्हा मेडिकलमध्ये पुडीच मागा. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची: सहा महिन्यांखाली रोज १० मिलीग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब लवकर थांबले तरी १४ दिवस पुरे करा. जुलाब बंद करणारी मोठ्यांची गोळी मुलांना देऊ नका.

लघवीवर लक्ष ठेवा. तान्ह्याने सहा तास किंवा मोठ्या मुलाने आठ तास लघवी केली नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू परत जाते, मूल पाणी प्यायचंच बंद झालं, तर घरचा उपाय संपला. शौचात रक्त पडलं, तरी दवाखाना.

रोटाव्हायरस हा विषाणू बाळांच्या जोरदार जुलाबांचं सर्वांत मोठं कारण. त्याची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची मात्रा, तोंडाने, मोफत. पलूस, वाळवा, मिरज, कऱ्हाड या कृष्णाकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पूर ओसरल्यावर विहीर आणि नळाचं पाणी शुद्ध झाल्याची खात्री होईपर्यंत उकळलेलं किंवा मेडिक्लोर घातलेलंच पाणी मुलांना द्या.

५. अंगावर पुरळ उठलं तर

पुरळ दिसलं, की आधी दोन गोष्टी पाहा: ते कुठे सुरू झालं आणि कसं दिसतंय.

गोवर: आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे. मग कानामागून आणि चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरणारं लालसर, सपाट पुरळ. गोवर किरकोळ नाही. त्यातून न्यूमोनिया, जुलाब आणि क्वचित मेंदूचा दाह होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीसह राज्यात झालेल्या उद्रेकात लस न घेतलेल्या बाळांचे जीव गेले. गोवराची शंका आली, तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. तिथे जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस मिळतात, त्यांनी गुंतागुंत कमी होते. पुरळ उठल्यानंतर चार दिवस मुलाला वेगळं ठेवा.

कांजिण्या: पोट, पाठ, छातीवर आधी लाल ठिपके, मग पाण्याने भरलेले फोड, मग खपल्या. तिन्ही अवस्था एकाच वेळी अंगावर दिसतात, हीच खूण. खाज फार सुटते. नखं कापा, कॅलामाइन लोशन लावा, सुती सैल कपडे घाला. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवण्याने तोटा नाही, पण पाच-सात दिवस आंघोळ बंद ठेवणं चुकीचं. कोमट पाण्याच्या आंघोळीने फोड पिकण्याचा धोका कमी होतो. देवी हा रोग भारतातून १९७० च्या दशकातच गेला. आज दिसतात त्या कांजिण्यांना देवीच्या कोपाचं रूप देऊन औषधपाणी थांबवायचं कारण नाही. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा बंद. घरात गरोदर बाई किंवा नवजात बाळ असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

हात-पाय-तोंडाचा आजार: अलीकडे बालवाड्यांत वारंवार दिसतो. थोडा ताप, तोंडात फोड, तळहात, तळपाय, गुडघे आणि ढुंगणावर पुटकुळ्या. आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. खरी अडचण म्हणजे तोंड दुखतं म्हणून पोर काही पीत नाही. गार दहीभात, गार दूध, नाचणीचं गार सत्त्व द्या. तिखट, आंबट, गरम टाळा. काही आठवड्यांनी एखाद-दुसरं नख गळून पडलं तर घाबरू नका, नवं येतं.

गालफुगी: कानाखाली एका किंवा दोन्ही बाजूंना सूज, चावताना दुखणं. आठवडाभरात उतरते. जोराचं डोकं दुखणं, सारख्या उलट्या किंवा मुलग्याच्या अंडकोषाला सूज आली, तर दाखवा.

एक पुरळ मात्र यांत बसत नाही. लाल-जांभळे ठिपके, ज्यांवर काचेचा पेला दाबला तरी जे फिके पडत नाहीत. ते कातडीखालचं रक्त असतं. ताप आणि असे ठिपके एकत्र दिसले, तर ताबडतोब रुग्णालय.

६. डेंग्यू: ताप उतरल्यावरचे दोन दिवस

डेंग्यू पाणथळ भागाचा रोग, असा समज आहे. पण तो पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत टँकरचं पाणी बॅरलमध्ये दिवसेंदिवस साठवावं लागतं, त्यामुळे दुष्काळी गावातही डेंग्यूला जागा मिळते. भांडी फडक्याने घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा, कारण त्याची अंडी कडेला चिकटून राहतात.

जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं ही सुरुवात. अशा तापात पॅरासिटामॉलच द्या. आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत खरा धोका ताप चढलेला असताना नसतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरातले निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. ताप गेला, पण पोट फार दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, पोर सुस्त झालंय, तर हा बरं होण्याचा नव्हे, धोक्याचा दिवस.

७. घरातून कधी निघायचं?

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली, तर थांबायचं नाही:

• तीन महिन्यांखालच्या बाळाला कोणताही ताप.
• मूल उठवूनही नीट जागं होत नाही, किंवा सारखं किंचाळत राहतं.
• जलद श्वास, छाती आत ओढली जाणं, निळे ओठ.
• काहीही पीत नाही, किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतं.
• वर सांगितलेल्या तासांत लघवी नाही.
• पाच मिनिटांपेक्षा लांबलेला किंवा पुन्हा आलेला झटका, मान ताठ होणं.
• न फिके पडणारे जांभळे ठिपके, कुठूनही रक्तस्राव.
• पाच दिवसांनंतरही न उतरलेला, किंवा एकदा जाऊन पुन्हा आलेला ताप.

यांतली शेवटची बाब सोडली, तर बाकी सगळ्यांत तास महत्त्वाचे असतात. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू तर ताप सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांत मुलाला बेशुद्ध करू शकतो. तो क्वचित दिसतो, पण ताप आणि शुद्ध हरपणं एकत्र आलं की घरी थांबायचं नाही, हा नियम त्यानेही पक्का केला आहे.

सातारा-सांगलीत आणखी एक हिशेब धरावा लागतो, अंतराचा. सातारा शहरात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कऱ्हाडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून निघायला आधी लाँच लागते, आणि जतच्या पूर्वेकडच्या वाडी-वस्तीवरून मिरज लांब पडते. अशा ठिकाणी ‘रात्रभर बघू, सकाळी नेऊ’ हे परवडत नाही. मूल दुपारी मलूल वाटतंय, पाणी कमी पितंय, तर दुपारीच आरोग्य केंद्रात दाखवा. शहरातल्या आईने रात्री दहाला घ्यायचा निर्णय दूरच्या वस्तीवर चार वाजता घ्यावा लागतो. निघताना लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि तापाच्या व डोसांच्या वेळा लिहिलेला कागद सोबत घ्या.

साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना हे अंतर वेगळ्या प्रकारे नडतं. मूळ गाव सुटल्याने मुलांच्या लसी राहून जातात. लस कोणत्याही आरोग्य केंद्रात मिळते, गावचं कार्ड नसलं तरी. शेजारच्या कोपीत लहान मूल दिसलं, तर ही माहिती तिथवर पोहोचवा.

८. आज करायच्या चार गोष्टी

पहिली, लसी. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. रोटाव्हायरसची वर सांगितल्याप्रमाणे. फ्लू, कांजिण्या आणि गालफुगीच्या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, परवडत असतील तर त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. दुसरी, साबणाने हात धुणं: शौचानंतर, मुलाचं ढुंगण धुतल्यावर आणि भरवण्याआधी. तिसरी, एक डबा: डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉलची एकच बाटली मापासकट, ओआरएसच्या चार पुड्या, झिंक, सलाइनचे थेंब. बाटलीवरची मुदत दर सहा महिन्यांनी तपासा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, पण सगळ्यात जास्त राहून जाते. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचं वजन होतं. तो आकडा आणि त्यावरून निघणारा पॅरासिटामॉलचा डोस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता पोर फणफणतं, तेव्हा गुणाकार करायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. हे प्रकरण मिटण्याआधी तेवढं एक काम करून टाका.